मिस्त्रींचं नाक

तापातून उठल्यावर चौथ्या दिवशी मिस्त्रींच्या समोर दूध करपलं आणि त्यांना ते कळलं नाही.

त्यांची बायको ताई बाहेरच्या खोलीत शिवणयंत्रावर बसली होती. तिचा धंदा जाड कापडाचा. ताडपत्र्या, गाड्यांची सीट कव्हरं, अवजारांच्या पिशव्या. करपल्याचा वास आला तेव्हा तिला वाटलं, मिस्त्री अजून अंथरुणातच असतील. आत जाऊन पाहते तो ते शेगडीपासून दोन हातांवर खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले. पातेल्याच्या कडेने काळा धूर चढत होता आणि मिस्त्री पान उलटत होते.

तिने शेगडी बंद केली. मिस्त्रींनी आधी पातेल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ते उठले आणि मोरीतली फिनेलची बाटली उघडून नाकाशी धरली. मग फळीवरची रॉकेलची. मग तिच्या डोक्याच्या तेलाची. शेवटी एक डांबरगोळी तळहातावर चोळून बराच वेळ हुंगत राहिले. ताई दारात उभी राहून बघत होती.

"काहीच नाही," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "कुणाला बोलू नकोस."

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की तापात वासाची शीर दुखावली असणार. कधी परत येते, कधी येत नाही. वाट बघायची.

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर फार तर जेवणाची चव गेली असती. मिस्त्री सव्वीस वर्षं एका मोठ्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये अवजड यंत्रं दुरुस्त करत होते. माती उपसणारी, दगड भरणारी, डोंगर सपाट करणारी यंत्रं. बाकीचे लोक आवाज ऐकून दोष सांगत. मिस्त्री वासावरून सांगत. ब्रेक जळतोय की क्लच, तेल नुसतं तापलंय की करपलंय, हे ते यंत्राला हात लावायच्या आधी ओळखत. एकदा तीन इंजिनिअर दोन दिवस एका यंत्राभोवती घिरट्या घालत होते. मिस्त्रींनी धुराड्यापाशी वाकून एकदा श्वास घेतला आणि सांगितलं, धूर गोडसर येतोय, म्हणजे रेडिएटरचं पाणी आत जळतंय, इंजिनाच्या वरच्या झाकणाला, हेडला, चीर आहे. हेड उतरवलं तर केसाएवढी चीर निघाली. तेव्हापासून वर्कशॉपमध्ये म्हणत, मिस्त्रींना सर्दी झाली की कंपनीला सुट्टी.

ही गोष्ट सर्वांत जास्त वेळा सांगणारा माणूस म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. घरात त्याला धाकटाच म्हणत. तो त्याच कंपनीत वेल्डर होता. ताईपेक्षा बारा वर्षांनी लहान. तिच्या कडेवर वाढलेला. लग्न होऊन चार वर्षांची मुलगी झाली तरी ताईच्या घरी आला की आधी डबे उघडून बघायचा. मिस्त्रींना तो दाजी म्हणे, आणि दाजींचा शब्द त्याच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ.

दोघांनी मिळून नोकरी सोडायची आणि स्वतःची सर्व्हिस गाडी बांधायची, हे तापाच्या आधीपासून ठरलं होतं. खाणीत, धरणाच्या कामावर, रस्त्याच्या कामावर यंत्र बंद पडलं की ते उचलून गॅरेजमध्ये आणणं म्हणजे दुसरी मोठी गाडी, दुसरा दिवस, दुसरा खर्च. त्यापेक्षा गॅरेजच तिकडे गेलं तर? धाकटा म्हणायचा, आजारी हत्तीला दवाखान्यात कोण नेतं, डॉक्टरनेच पिशवी घेऊन जायचं. ही गाडी म्हणजे ती पिशवी.

ताप गेला, नाक गेलं, तरी मिस्त्रींनी बेत सोडला नाही. ताईला वाटलं होतं, ते काहीतरी निमित्त काढून मागे फिरतील. दोन महिने तिने वाट पाहिली. मग धाकट्याने नोकरीचा राजीनामा दिला आणि पेढ्यांऐवजी नवा पाना-सेट घेऊन घरी आला. त्या दिवशी तिने मिस्त्रींकडे पाहिलं. ते पान्यांचे आकडे चष्मा लावून वाचत होते आणि त्यांनी मान वर केली नाही.

जुनी, पण इंजिनाने धडधाकट अशी सहा चाकी गाडी त्यांनी घेतली. घरामागे पत्र्याचं छप्पर टाकलेली मोकळी जागा होती, तिथे तिची मागची पेटी उतरवली आणि नुसत्या सांगाड्यावर नवं अंग चढवायला सुरुवात केली. डाव्या बाजूला अवजारांचे खण, प्रत्येक खणाला चाप, म्हणजे चढावर गाडी असली तरी खण आपोआप उघडून अंगावर येऊ नये. उजव्या बाजूला तेलाचे आणि ग्रीसचे पंप, त्यांच्या लांब नळ्या गुंडाळायची चक्रं. मधोमध हवेचा कॉम्प्रेसर आणि वेल्डिंगचा जनरेटर. मागच्या कोपऱ्यात छोटी क्रेन, तिच्याखाली जमिनीवर टेकवायचे दोन लोखंडी पाय. बंपरवर लोखंड आवळून धरायला शेगडीएवढा मोठा वाइस. आणि केबिनच्या अगदी पाठीमागे, चालकाच्या बाजूला, माणूसभर उंचीचा एक कप्पा. त्यात लोखंड कापायच्या गॅसची नळकांडी उभी राहणार होती. एक ऑक्सिजनचं, एक अ‍ॅसिटिलीनचं.

मिस्त्रींचे हात पहिल्यासारखेच चालत होते. वजन कुठे ठेवलं की क्रेन उचलताना गाडी कलणार नाही, हे ते खडूने फरशीवर गणित करून सांगत आणि ते बरोबर निघे. नाकाचं काम मात्र आता ताई करू लागली होती. तसं कधी ठरलं नव्हतं. एकदा ती चहा घेऊन मागे गेली तेव्हा वेल्डिंगच्या यंत्राची वायर आतून जळत होती. मिस्त्री शेजारीच वाकलेले, धाकटा क्रेनपाशी. ताई खोकली आणि यंत्राकडे बघितलं. मिस्त्रींनी लगेच बटण बंद केलं आणि मोठ्याने म्हणाले, "वायर जळतेय बघ." धाकटा तिकडून म्हणाला, "मला इथे काही आलं नाही. काय नाक आहे."

तेव्हापासून ती दिवसातून चारदा चहा नेऊ लागली. छपराच्या आत पाऊल टाकलं की आधी श्वास घ्यायचा, मग कप ठेवायचा. डिझेल सांडलं असेल तर एकदा खोकायचं. काही जळत असेल तर दोनदा. धाकटा बायकोला सांगायचा की ताईची तब्येत बघितली पाहिजे, सारखी खोकते.

खाणीचा एक इंजिनिअर त्यांचं पहिलं गिऱ्हाईक होता. वर्षभराचं काम देणार होता. एक दिवस तो गाडी बघायला आला आणि बरोबर एका बाटलीत काळपट तेल घेऊन आला. त्याने म्हटलं, तुमच्या नाकाबद्दल ऐकून आहे, हे तेल कशाचं, सांगा. धाकटा पदर खोचून भांडायला उभं राहावं तसा दाजींच्या शेजारी उभा राहिला. ताई खिडकीत होती. मिस्त्रींनी बाटली उघडली, नाकाखाली धरली, डोळे मिटले. मग दोन थेंब बोटांवर घेऊन चोळले, उन्हाकडे बोटं धरली.

"हायड्रॉलिकचं आहे, आणि करपलंय," मिस्त्री म्हणाले. "पंप धातू सोडायला लागलाय."

इंजिनिअर हसला. बरोबर होतं. बोटांना कण लागले होते, रंग गेला होता. डोळे आणि बोटं मिळून त्यांनी वासाची नक्कल केली होती. इंजिनिअर गेल्यावर धाकट्याने दाजींची पाठ थोपटली. मिस्त्री मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिले. रात्री जेवताना ते ताईला एवढंच म्हणाले की आज निभावलं. ताईला त्यात सुटकेचं काही वाटलं नाही. तिला वाटलं, आता हे असंच निभावत राहणार.

गॅसच्या कप्प्याचं दार बसवायची वेळ आली तेव्हा ती तिथेच होती. खाणीतली धूळ पिठासारखी असते, कुठेही शिरते, म्हणून दाराच्या चौकटीला सगळीकडून रबराची पट्टी चिकटवायची होती, आणि चिकटवण्याच्या कामात ताईचा हात मिस्त्रींपेक्षा साफ होता. तिने दोन दिवस बसून पट्टी लावली. दार लोटलं की खण्ण न होता थप्प असा आवाज यायचा. कप्पा डबीसारखा बंद व्हायचा.

दारावर वर आणि खाली मिस्त्रींनी खडूने दोन गोल काढून ठेवले होते. ताईने विचारलं, हे काय. त्यांनी सांगितलं, हवा खेळायला भोकं पाडून जाळी बसवायची आहे. गॅस कधी गळलाच तर आत साठू नये. साठला आणि ठिणगी मिळाली तर कप्पा, केबिन, माणूस, काही राहत नाही.

धाकटा ड्रिल घेऊन आला होता. त्याने गोलांकडे पाहिलं आणि म्हणाला की इंजिनिअरला गाडी आठ दिवसांत हवी आहे, जाळी अजून आलेली नाही, आणि नुसती भोकं पाडली तर धूळ आत जाऊन गॅसचे मीटर खराब होतील. पहिली फेरी झाल्यावर पाडू. मिस्त्री म्हणाले, गॅसचं काय?

"दाजी, तुम्ही असताना भोकं कशाला?" धाकटा हसत म्हणाला. "तुम्हाला तर मैलावरून वास येईल."

ताई गुडघ्यावर बसून खालच्या कोपऱ्यात रबराचा जोड दाबत होती. तिने वर पाहिलं. मिस्त्रींची नजर खडूच्या गोलावर होती. ते आता बोलतील, आता बोलतील, असं तिला वाटत राहिलं. "बरं," ते म्हणाले, "पहिली फेरी होऊ दे." धाकटा ड्रिल घेऊन दुसरीकडे गेला.

तिच्या बोटांना चिकट लागलेलं होतं. ती जोड दाबत राहिली. तिनेही तोंड उघडलं नाही. पुढे कितीतरी वेळा तिने तो क्षण आठवला आणि प्रत्येक वेळी तिला तेच दिसलं, की बोलायला पुरेसा वेळ होता.

त्या रात्री तिने मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, मी रोज साबणाचं पाणी लावून सगळे जोड तपासतो, गळत असेल तर फेस येतो, त्याला नाक लागत नाही. हे खरं होतं. धाकटा जेवायला गेला की ते एका कपात साबण घोळवून ब्रशने जोडांना लावत, आणि कप धुऊन पुन्हा फळीवर ठेवत. ताईने तो कप पाहिला होता. त्यामुळे तिला थोडा धीर आला, आणि धीर आल्यामुळे ती आणखी चार दिवस गप्प राहिली.

वायरमन येऊन सगळ्या कप्प्यांना एकच कुलूप बसवून गेला. किल्लीवरचं बटण दाबलं की सातही दारं एकदम खटकन उघडत. त्यासाठी प्रत्येक कप्प्यात छोटी मोटर बसवली होती आणि तारा केबिनमधून मागे नेल्या होत्या. धाकट्याला ते बटण इतकं आवडलं की तो घराच्या पायरीवर बसून गाडी उघडायचा आणि बंद करायचा.

एकदा ताईने सांगायचं ठरवलंच. धाकटा मुलीला सोडायला आला होता. त्याची बायको कामाला जायची, म्हणून मुलगी संध्याकाळपर्यंत ताईकडेच असे. ताई त्याला म्हणाली, थांब, दाजींबद्दल बोलायचंय. तो दारातच थांबला आणि म्हणाला, "माहीत आहे मला." तिने हातातली कात्री खाली ठेवली. मग तो म्हणाला की दाजी थकलेत, हे त्यालाही दिसतंय, पहिलं वर्ष जाऊ दे, मग तो त्यांना जड काम करूच देणार नाही, नुसतं खुर्चीवर बसून हुंगायचं. आणि हसत गेला. मुलगी ताईच्या कात्रीला हात लावत होती. ताईने कात्री वर ठेवली.

निघायच्या आदल्या दुपारी गाडी तयार होती. फक्त केबिनला चढायची पायरी जरा वाकडी बसली होती. धाकट्याने गॅसची नळी ओढून पायरीची कड कापली, तेवढ्यात त्या दिवशी सुट्टी घेऊन मुलीपाशी घरी असलेल्या त्याच्या बायकोचा फोन आला की मुलीला ताप भरलाय, लवकर ये. त्याने नळी गुंडाळून कप्प्यात लोटली, दार थप्पकन लावलं, बटण दाबलं आणि गेला. मिस्त्री तेव्हा तेलाच्या पिंपांची झाकणं घट्ट करत होते. साबणाचं पाणी त्यांनी सकाळीच लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ताई सीट कव्हरं चढवायला गाडीपाशी गेली. मिस्त्री बादली घेऊन पुढची काच पुसत होते. केबिनच्या किल्लीने तिने चालकाचं दार उघडलं, वर चढली, आणि एक पाय बाहेर लोंबता ठेवून सीटवर कापड ओढू लागली.

लसणाचा वास आला.

तिने आधी स्वतःची बोटं हुंगली. सकाळपासून तिने लसणाला हात लावला नव्हता. बोटांना साबणाचा वास होता. ती सीटच्या मागे वाकली, जिथून तारा मागच्या कप्प्यांत जात होत्या. तिथे वास दाट होता. अ‍ॅसिटिलीनचा वास लसणासारखा असतो, हे तिला सव्वीस वर्षांत मिस्त्रींनीच सांगितलेलं होतं.

तिने कापड तिथेच सोडलं. दार न लोटता, कशालाही हात न लावता ती खाली उतरली. गॅसच्या कप्प्याचं दार गच्च बंद होतं. बाहेर त्याच्यापाशी काही वास नव्हता. तिने लावलेल्या रबरातून काहीच सुटत नव्हतं.

"गॅस गळतोय," ती मिस्त्रींना म्हणाली.

तेवढ्यात धाकटा गल्लीतून आत आला. हातात किल्ली, खांद्यावर डबा. मुलीचा ताप उतरला होता, म्हणून तो खुशीत होता. त्याने ऐकलं आणि जागेवर थांबून विचारलं, कुठे. ताई म्हणाली, मागच्या कप्प्यात, वास येतोय. धाकट्याने वीस पावलांवरून नाक वर केलं, त्याला काही आलं नाही. त्याने मिस्त्रींना विचारलं, दाजी, तुम्हाला येतोय का?

मिस्त्री कप्प्याला अगदी टेकून उभे होते. हातातल्या फडक्यातून पाणी त्यांच्या पायावर गळत होतं. त्यांनी श्वास घेतला. अकरा महिन्यांच्या सवयीने त्यांचा चेहरा वास घेणाऱ्या माणसासारखा झाला.

"नाही," ते म्हणाले. "मला तर नाही येत."

"मग नाहीच," धाकटा म्हणाला. "ताई, तू रात्रभर जागी दिसतेस. थांब, उघडून दाखवतो." आणि त्याने किल्ली धरलेला हात वर केला.

"त्यांना वास येत नाही!" ताई ओरडली. "तापापासून कसलाच वास येत नाही त्यांना. दाबू नकोस."

धाकट्याचा अंगठा बटणावर होता. तो तसाच राहिला. त्याने मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी फडकं बादलीत टाकलं आणि मान हलवली, हो म्हणून.

त्यानंतर मिस्त्री जे बोलले ते अगदी हळू. त्यांनी धाकट्याला सांगितलं, किल्ली खाली ठेवू नको, खिशात घालू नको, तशीच बोटांत धरून मागे मागे जा आणि गल्लीच्या टोकाला दुकानाच्या काउंटरवर ठेव. फोनही तिथेच. रस्त्यावर कुणाला स्कूटर चालू करू देऊ नको. धाकटा म्हणाला, काल नळी मीच आत टाकली, वाल्व बंद केल्याचं आठवत नाही, दार मी उघडतो. मिस्त्री म्हणाले, "तू जा. तुझी पोरगी लहान आहे." धाकटा मागे मागे चालत गेला. अर्ध्या वाटेत त्याच्या खिशातला फोन वाजला. खाणीचा इंजिनिअर असणार, सात वाजता करतो म्हणाला होता. फोन वाजत राहिला आणि धाकटा तो न उचलता चालत राहिला, आणि ताईला वाटलं, हा आवाज आता संपणारच नाही.

बटण दाबलं की आतली मोटर ठिणगी टाकणार, म्हणून कुलपाला हात लावायचा नव्हता, बॅटरीला हात लावायचा नव्हता. लोखंडाने लोखंडावर ओढायचं नव्हतं. मिस्त्री दाराच्या कडेवरून बोटं फिरवत होते. ताई म्हणाली, खालच्या डाव्या कोपऱ्यात रबराचा जोड आहे, तो शेवटी चिकटवला होता, तिथून निघेल. मिस्त्रींनी क्रेनच्या पायांखाली ठेवायच्या लाकडाची एक ढलपी घेतली, गुडघ्यावर बसले आणि ढलपी फटीत रेटली. रबराचं टोक बाहेर आलं. त्यांनी ते बोटाला गुंडाळून ओढायला सुरुवात केली. हातभर आलं, दोन हात आलं. फटीतून फुस्स असा बारीक आवाज झाला आणि लसणाचा वास सकाळच्या हवेत पसरला.

ताई छपराच्या टोकाला उभी होती. त्यांनी तिलाही जायला सांगितलं होतं. ती गेली नव्हती. मिस्त्री कप्प्यापासून दोन पावलं मागे सरले आणि उभे राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. त्यांना कळायला काही मार्ग नव्हता. कप्प्यात अजून गॅस आहे की गेला, हे बघून दिसत नाही आणि बोटांना लागत नाही.

"ये इकडे," ते म्हणाले. "येतोय का बघ."

गल्लीच्या टोकाला धाकटा आणि दुकानदार ऐकत होते. ती गेली. फटीपाशी वाकून श्वास घेतला. "आहे अजून," ती म्हणाली. ते दोघं मागे आले. थोड्या वेळाने पुन्हा त्यांनी बोलावलं. पुन्हा ती वाकली. आहे. एकदा तिला वाटलं, गेला. मग वाटलं, आपल्याच नाकाला सवय झाली असेल. ती गल्लीपर्यंत चालत गेली, स्वच्छ हवा घेतली आणि पुन्हा आली. होता. त्या दीड तासात ती अकरा वेळा कप्प्यापाशी गेली. प्रत्येक वेळी गुडघे टेकताना तिला आतली मोटर आठवे, मुठीएवढी, तारांच्या टोकाला बसलेली.

शेवटी काहीच नव्हतं. कोरडी धूळ आणि रबराचा वास. मिस्त्रींनी आणखी अर्धा तास जाऊ दिला. मग त्यांनी तिला छपराबाहेर पाठवलं आणि दाराच्या बिजागऱ्यांच्या पिना लाकडाने ठोकत एकेक बाहेर काढल्या. दार सुटून त्यांच्या खांद्यावर आलं.

आत नळीचा एक वळसा उंबऱ्यावर राहिला होता. दार आणि रबर यांच्यामध्ये चेमटून तो बोटभर फाटला होता. नळकांड्याचा वाल्व अर्धा फेरा उघडा होता आणि नळकांडं रिकामं झालं होतं. मिस्त्रींनी तो बंद केला आणि तिथेच जमिनीवर बसले.

धाकटा आला. त्याने नळी पाहिली, वाल्व पाहिला. मग मिस्त्रींच्या शेजारी बसला. ताईला वाटलं, आता भांडण होईल. झालं नाही. मिस्त्री म्हणाले, मला लाज वाटली रे, दुसरं काही नाही. धाकटा म्हणाला, वाल्व मी उघडा ठेवला होता. त्याने दाजींच्या खांद्यावरची धूळ झटकली. मग धाकटा उठून ताईकडे आला.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मी नोकरी सोडली तेव्हा?"

"हो."

"आणि भोकं पाडायची नाहीत असं ठरलं, तेव्हा तू तिथेच बसली होतीस."

त्याने डोळे मोठे केले नाहीत की आवाज चढवला नाही. तो नळावर जाऊन हात धुऊन आला आणि कामाला लागला. नळकांडी बाहेर काढून लांब नेऊन ठेवली, दार जमिनीवर आडवं केलं आणि खडूच्या दोन्ही गोलांतून आरपार भोकं पाडली. आणखी दोन न आखलेली भोकं पाडली.

इंजिनिअरला मिस्त्रींनी स्वतः फोन करून सगळं सांगितलं, नाकासकट. तो काम काढून घेईल असं त्यांना वाटलं होतं. तो म्हणाला, तेल तर बरोबर ओळखलंत. आठवड्याने गाडी खाणीवर गेली. आता मिस्त्री कुठेही गेले की आधी सांगतात की नाक गेलंय, हात आहेत. हुंगायचं काम या पोराकडे. धाकटा वाकून हुंगतो, चुकतो, मिस्त्री त्याला शिव्या घालतात, तो हसतो. दोघांचं बरं चाललंय. पूर्वीपेक्षाही बरं.

धाकटा ताईकडेही येतो. चहा घेतो, फाटलेली पिशवी शिवायला टाकतो, तब्येत विचारतो. डबे उघडत नाही. आणि त्या दिवसानंतर त्याने मुलीला तिच्याकडे ठेवलेलं नाही. आधी म्हणाला, ताप आहे. मग म्हणाला, सासूबाई आल्यात. मग कारण सांगायचं त्याने बंद केलं. त्याची बायको एकदा रस्त्यात भेटली, तेव्हा तिने ताईचा हात धरला आणि म्हणाली, त्यांना थोडा वेळ द्या.

दाजींना त्याने माफ केलं आणि आपल्याला नाही, हे ताईला आधी अन्यायाचं वाटलं. खोटं तर ते बोलले होते. मग हळूहळू तिला त्याचं गणित दिसू लागलं. मिस्त्रींना लाज होती, आणि लाजेपुढे माणसाचं चालत नाही. तिला काय होतं? तिला वास येत होता.

चार महिन्यांनी एका दुपारी तो मुलीचे जुने कपडे न्यायला आला. ताईने ते घड्या घालून ठेवले होते. पिशवी देताना तिने विचारलं, किती दिवस असं?

त्याने पिशवी घेतली, बंद नीट बांधले.

"माहीत नाही, ताई," तो म्हणाला. "मी ठरवून करत नाही गं. मनातून येत नाही."

बाहेर गाडी चालूच होती. मिस्त्रींनी एकदा हॉर्न वाजवला आणि तो गेला.